साठ ग्रॅमचा घोळ

सासूबाईंची पाठ खाजते, ही बातमी काटेसाहेबांच्या घरात दिवसातून दोनदा जाहीर व्हायची. एकदा सकाळच्या चहाआधी आणि एकदा अंघोळीनंतर. अंघोळीनंतरची जास्त सविस्तर असायची.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून जाऊन काटे तपासायचे, वजनं पारखायची, बरोबर असतील तर सील ठोकायचं आणि नसतील तर दुकानदाराला, असा त्यांचा सत्तावीस वर्षांचा शिरस्ता. बाजारात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत आणि हळूहळू घरातही तेच झालं. बायको सोडून. ती 'अहो' म्हणायची, पण त्या 'अहो'तही कधीकधी काट्याचं टोक असायचं.

सासूबाई मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. चाळीस वर्षं दिवसाला पन्नास वेळा हात धुतलेली बाई. निवृत्त झाल्या तेव्हा कातडीनं बंड पुकारलं. कुठलाही साबण लावला की अंगावर लाल चट्टे. त्यात धाकट्या जावयानं, म्हणजे काटेसाहेबांच्या साडूंनी, परदेशी साबणाचा डबा पाठवला. सहा वड्या, सहा रंग, सहा वास. दुसऱ्या अंघोळीला सासूबाई सातव्या रंगाच्या झाल्या.

कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वास नको, रंग नको, फेसाची भुकटी नको. नुसत्या तेलाचा साधा साबण वापरा."

"असला साबण मिळतो कुठे?" जेवताना सासूबाईंनी विचारलं.

"मिळायला कशाला हवा? मी करतो की," काटेसाहेब म्हणाले.

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. सासूबाईंनी चष्मा पुसून जावयाकडे पाहिलं. "तुम्ही?"

"त्यात काय आहे? साबण म्हणजे शेवटी माप. तेल मोजायचं, कॉस्टिक सोडा मोजायचा, पाणी मोजायचं आणि ढवळायचं. मोजण्यात माझं आयुष्य गेलंय."

"दुसऱ्यांनी मोजलेलं मोजण्यात," सासूबाई म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.

हे वाक्य काटेसाहेबांना असं लागलं की त्यांनी त्या दिवशी ताटातलं काहीही पुन्हा मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धा दिवस रजा काढून ते केमिकलच्या दुकानात हजर झाले.

कॉस्टिक सोडा मागितल्याबरोबर दुकानदारानं एक फॉर्म पुढे सरकवला. नाव, पत्ता, ओळखपत्राच्या दोन प्रती, दोन्हींवर सही, आणि खाली एक रकाना, 'खरेदीचे कारण'. फॉर्म नीट भरलेला असावा याबद्दल काटेसाहेबांची मतं कडक होती. अपुऱ्या फॉर्मपायी त्यांनी स्वतः कितीतरी लोकांना परत पाठवलं होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं, 'सासूबाईंसाठी.'

दुकानदारानं फॉर्म वाचला. मग चष्मा कपाळावर चढवून काटेसाहेबांना वाचलं.

"साहेब, ह्यानं माणूस भाजतो."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही सासूबाईंसाठी नेताय."

"साबण! साबण करायचाय त्यांच्यासाठी!"

"मग तसं लिहा ना," दुकानदारानं सुस्कारा सोडला आणि नवा फॉर्म काढला. खाडाखोड चालत नव्हती. ओळखपत्राच्या प्रतीही नव्या लागल्या, कारण जुन्या रद्द फॉर्मला टाचल्या होत्या. झेरॉक्सचं दुकान दुपारचं बंद होतं. ते उघडेपर्यंत काटेसाहेब पायरीवर बसून राहिले. सरतेशेवटी पाचशे ग्रॅमची सीलबंद पुडी हातात पडली. "ॲल्युमिनियमच्या भांड्यात घालू नका. आणि सोडा पाण्यात टाका, पाणी सोड्यावर नको," दुकानदारानं बजावलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि साहेब, घरात सगळ्यांशी गोडीनं राहा."

रविवारी सकाळी स्वयंपाकघराचा ताबा घेतला गेला. काटेसाहेबांनी अंगात रेनकोट चढवला, हातात रबरी मोजे घातले आणि डोळ्यांवर पोहायचा चष्मा लावला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, साबण करताय की समुद्राच्या तळाशी चाललाय?" त्यांनी ओट्यावर कागद पसरला. कागदावर माप लिहिलेलं होतं: ऑलिव्ह तेल सातशे ग्रॅम, खोबरेल तीनशे, पाणी तीनशे, कॉस्टिक सोडा एकशे बेचाळीस. बेचाळीस म्हणजे बेचाळीस, त्रेचाळीस नाही. सोडा जास्त झाला तर साबण चावतो, तेल जास्त झालं तर साबण लोण्यासारखा राहतो. घरचा छोटा बॅटरीचा काटा त्यांनी ओट्यावर ठेवला, सपाटी पाहिली आणि चारही कोपरे दाबून पाहिले. तेल मोजलं. पाणी मोजलं. मग काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य केलं आणि चमच्यानं सोडा घालायला सुरुवात केली. दहा, पंचवीस, चाळीस, साठ.

तेवढ्यात बेल वाजली.

वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या. ह्या काकूंना इमारतीतल्या कुठल्याही घरी काय चाललंय ते त्या घरच्या माणसांच्या आधी कळतं, आणि त्यावरचा सल्ला त्याच्याही आधी तयार असतो.

"भाऊजी, साबण करताय म्हणे? त्यात काकडीचा रस घाला. मी व्हिडिओ पाहिलाय."

"काकू, हे वैज्ञानिक काम आहे."

"काकडीही वैज्ञानिकच असते हो. आणि डाव्या हातानं ढवळा, उजव्यानं फाटतो."

काकडी आणि डावा हात ह्या दोन विषयांवर चार मिनिटं गेली. काटेसाहेब परत आले तेव्हा काटा विझलेला होता. बॅटरी वाचवण्यासाठी हे काटे आपोआप झोपतात, हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी बटण दाबलं, काट्यानं ठणठणीत शून्य दाखवलं. वाटीत चार पांढरे मणी दिसत होते खरे, पण माणसाच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा असता तर सरकारनं खातं कशाला काढलं असतं? त्यांनी पहिल्यापासून सोडा मोजला. एकशे बेचाळीसवर आकडा आला तेव्हा त्यांचा हात सर्जनच्या हातासारखा थांबला.

सोडा पाण्यात पडला, पाणी तापलं, खिडकीतून वाफ गेली. मग ते तेलात ओतून ढवळ ढवळ ढवळलं. मिश्रण फारच लवकर घट्ट झालं. ते आपल्या हातगुणामुळे, असं काटेसाहेबांनी धरलं. बुटाच्या खोक्यात बटर पेपर घालून त्यात लगदा थापला, वर टॉवेल पांघरला आणि खोकं कपाटावर ठेवलं. दोन दिवस ते येता-जाता टॉवेलावर हात ठेवून ऊब बघायचे. मुलगी तान्ही असतानाही त्यांनी इतकं केलं नव्हतं, असं बायकोचं म्हणणं पडलं.

मंगळवारी घरची सगळी मंडळी जमवून साबण कापायचा समारंभ झाला. सुरी टेकवली आणि वडीचा भुगा झाला. दुसरी कापली, तिचे तीन तुकडे तीन दिशांना गेले. साबण खडूसारखा पांढरा आणि ठिसूळ होता.

"फळ्यावर लिहायला छान आहे," सासूबाई म्हणाल्या.

साबणात सोडा जास्त आहे का हे पाहायची जुनी युक्ती म्हणजे ओलं बोट वडीवर घासायचं आणि हलकेच जिभेला लावायचं. काटेसाहेबांना बोटाची मध्यस्थी मान्य नव्हती. त्यांनी थेट वडीच जिभेला लावली.

बॅटरीच्या दोन्ही टोकांना जीभ लावावी तसा झटका बसला. ते नळाकडे धावले. पाच मिनिटं नळाखाली तोंड धरून उभे असतानाच फोन वाजला आणि बायकोनं तो त्यांच्या कानाला लावला. साडू होते.

"काय साडूभाऊ, साबण कसा काय झाला?"

"थान," काटेसाहेब म्हणाले.

"काय?"

"थान दाला. एकदम थान."

आता विचार करायची वेळ आली. काटेसाहेब खुर्चीत बसले आणि तर्कशुद्ध पद्धतीनं निघाले. साबण चावतो, म्हणजे तेलाच्या मानानं सोडा जास्त. सोडा काट्यावर मोजलाय, तो चुकणं शक्य नाही. म्हणजे तेल कमी. तेलही काट्यावर मोजलंय. पण तेल खरं तेलच असेल कशावरून? बाटलीत भेसळ असणार! त्यांनी तिथल्या तिथे तेलाच्या कंपनीला नोटीस लिहायला घेतली. दीड पान झालं तेव्हा बायको म्हणाली, "कंपनीला नंतर फासावर द्या. ह्या भुग्याचं काय करायचं ते आधी सांगा."

"भाऊजी, त्यात तेल घाला," दारातून आवाज आला. दार उघडंच राहिलं होतं आणि काकू आतच होत्या. "साबणाला तेल कधी जास्त होत नाही. व्हिडिओत म्हणाली ती."

सल्ला मूळ दिशेनं बरोबर होता, हेच त्याचं दुर्दैव. बिघडलेला साबण किसून, थोडं पाणी घालून मंद आचेवर वितळवतात आणि जे कमी पडलं असेल ते त्यात घालतात. घरातल्या सगळ्यांनी नाकाला रुमाल बांधून, मोजे घालून साबण किसला. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचं दुसरं पातेलं, त्यात कीस. किती तेल घालायचं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. भेसळ किती टक्के आहे हे कळल्याशिवाय कळणार कसं? तेव्हा काटेसाहेबांनी सुरक्षित मार्ग पत्करला आणि पहिल्याइतकंच, पूर्ण एक किलो तेल, त्याच प्रमाणात दुसऱ्या कंपन्यांचं आणून ओतलं.

ह्या खेपेला साबण चावला नाही. चावायला आधी दात असावे लागतात, आणि ह्याला आकारच नव्हता. पाच दिवस वाट पाहिली तरी खोक्यात तो दह्यासारखा डुलत होता. सासूबाईंनी बोट घालून पाहिलं, बोट पेरभर आत गेलं.

"जावईबापू, हे मलम असेल तर माझ्या पाठीला चालेल. पण मग अंघोळ कशानं करू?"

काटेसाहेबांनी पुन्हा कागद घेतला. भेसळ बाजूला ठेवली तर गणित सोपं होतं. तेल आता झालं दोन किलो. दोन किलोला सोडा हवा दोनशे चौऱ्याऐंशी. घातलाय एकशे बेचाळीस. म्हणून आणखी एकशे बेचाळीस घालायचा. ह्या गणितात कुणी चूक काढून दाखवावी! ह्या वेळी त्यांनी सोडा मोजताना बेलचं बटण बाहेरून चिकटपट्टीनं बंद केलं आणि एका दमात एकशे बेचाळीस मोजले.

पातेलं आता लहान पडायला लागलं होतं. काकूंनी लगोलग आपलं सर्वांत मोठं पातेलं खाली आणलं. ते ॲल्युमिनियमचं होतं. केमिकलवाल्याचा इशारा आठवून काटेसाहेब म्हणाले, "काकू, हे नको. सोड्यानं पातेल्याला भोकं पडतील."

"आमच्या पातेल्याला?" काकूंचा आवाज बदलला. "बावीस वर्षांचं पातेलं आहे हे. ह्याला काही होत नाही."

"ॲल्युमिनियम आहे हो."

"सरळ सांगा ना, आमचं भांडं चालत नाही म्हणून!" आणि काकू पातेलं पोटाशी धरून जिना चढून गेल्या. साबण जुन्याच पातेल्यात, काठोकाठ, ढवळावा लागला. पुढचे दोन दिवस वरून कोणताही सल्ला आला नाही. घरात जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

त्याऐवजी सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. 'असे निदर्शनास आले आहे की आपल्या निवासी सदनिकेत वाफ, वास व खरवडण्याचा आवाज उत्पन्न करणारा उद्योग चालू आहे. तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा समक्ष पाहणी करण्यात येईल.' नोटीस वाचताना काटेसाहेबांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. हा प्रांत त्यांचा होता. त्यांनी उत्तर लिहिलं: 'उद्योग नसून उपचार आहे. वाफेचे प्रमाण, वासाची तीव्रता व आवाजाची पातळी कोणत्या प्रमाणित उपकरणाने मोजली, त्याचा तपशील व उपकरणाचे सत्यापन प्रमाणपत्र सादर करावे.' सेक्रेटरी दोन दिवस ते उत्तर खिशात घेऊन फिरत होते, असं वॉचमननं सांगितलं.

पण नोटिशीची लढाई जिंकून साबण सुधारत नाही. तिसऱ्या खेपेचा साबण घट्ट झाला, सुरेख कापला गेला, आणि काटेसाहेबांनी ओलं बोट घासून जिभेला लावलं. जीभ शिकली होती. बोट जेमतेम टेकलं न टेकलं तोच ते नळाशी पोचले होते.

"पुन्हा?" बायकोनं विचारलं.

"पुन्हा," ते म्हणाले आणि रेनकोटसकट जमिनीवर बसले. जगातल्या सगळ्या दुकानदारांचं एकाच वेळी आपल्याकडे लक्ष गेलंय आणि ते आपसात काहीतरी बोलताहेत, असं त्यांना वाटलं. "गणित बरोबर, माप बरोबर, आणि साबण चूक. सत्तावीस वर्षांत असं झालं नाही."

बायको एका शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क होती. खडूची खोकी, डस्टर, शाईच्या बाटल्या, सगळं आलं किती, वापरलं किती, उरलं किती, हे तिच्या बोटावर असायचं. तिनं कपाटातून सोड्याची पुडी काढली, मोजे घातले आणि काट्यावर ठेवली. मग मापाच्या त्याच कागदाच्या कोपऱ्यात तीन ओळी लिहिल्या.

"अहो, पुडी पाचशेची ना?"

"सीलबंद."

"दोनदा एकशे बेचाळीस गेला. म्हणजे दोनशे चौऱ्याऐंशी. उरायला हवा दोनशे सोळा. पिशवीचं वजन सोडून उरलाय एकशे छप्पन्न."

काटेसाहेब उठून उभे राहिले.

"साठ ग्रॅम कमी," ती म्हणाली. "तो गेला कुठे? माझ्या आईनं तर खाल्ला नाही."

"माझी जीभ तपासा हवी तर," आतून सासूबाई म्हणाल्या. "पण तुमची तपासलेली बरी."

उत्तर एकच होतं. घरचा काटा खोटा! काटेसाहेबांना एकदम हायसं वाटलं. चूक त्यांची नव्हती, एका निर्जीव वस्तूची होती. त्यांनी काटा काखोटीला मारला, सोबत तपासणीची पितळी वजनं घेतली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे निघाले. खातरी करायची तर सील असलेल्या काट्याशी ताडून पाहायला हवं होतं. बायको मागोमाग निघाली, कारण रेनकोट काढायला ते विसरले होते.

निरीक्षक रविवारी, रेनकोटमध्ये, वजनं घेऊन रस्त्यावर आलेत, ही बातमी त्यांच्या पावलांपेक्षा जोरात धावली. भाजीवालीनं तराजू टोपलीखाली सारला. मिठाईवाला शटर ओढू लागला. कोपऱ्यावरचा वाणी गल्ल्यावरून उठून, हात जोडून उभाच राहिला.

"साहेब, सील ताजं आहे. तुमच्याच हातचं आहे. दोन महिनेसुद्धा झाले नाहीत."

"तुमचा काटा बघायला आलो नाहीये. माझा बघायचाय."

वाण्याला हे नीट ऐकू आलं नाही. तीनदा सांगितल्यावर त्यानं हळूच हात खाली घेतले. दोन्ही काटे शेजारी ठेवले गेले. पाचशेचं पितळी वजन दोन्हींवर पाचशे भरलं. दोनशेचं दोनशे. पन्नासचं पन्नास. घरचा काटा निर्दोष सुटला, आणि काटेसाहेबांचं तोंड आरोपीसारखं झालं.

वाणी चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची पुढे केली. "झालंय काय साहेब?"

बायकोनं सगळं सांगितलं. वाणी ऐकताना डाळीच्या पोत्यावर बोटं वाजवत होता. मधेच थांबला.

"वहिनी, पहिल्या वेळी मोजताना मध्ये कुणी आलं होतं का?"

"काकू आल्या होत्या. काकडी घेऊन. म्हणजे काकडीचा सल्ला घेऊन."

"आणि काटा विझला होता?"

"विझला होता," काटेसाहेब म्हणाले. "मी चालू केला, शून्य आलं, पुन्हा मोजलं."

"वाटी उतरवून का वाटीसकट?"

काटेसाहेबांनी पितळी वजनं उगीच ओळीनं लावली. वाण्यानं जास्त काही विचारलं नाही. त्यानं घरच्या काट्यावर वाटी ठेवली, शून्य केलं, साठ ग्रॅम साखर घातली आणि म्हणाला, "आता थांबू."

सगळे थांबले. भाजीवाली पदर सावरत आली. मिठाईवाला अर्ध्या शटरखालून वाकून बघू लागला. दोन मिनिटं रस्त्यावरची अर्धा डझन माणसं एका झोपाळू काट्याकडे टक लावून उभी होती. काटा विझला. वाण्यानं बटण दाबलं.

शून्य.

"साखर वाटीतच आहे साहेब. काट्याला वाटतं, जे आधीपासून बसलंय ते भांडंच. आमचंही होतं असं. गिऱ्हाईक मधेच गप्पा मारायला लागलं की होतं. म्हणून आम्ही आधी भांडं उतरवतो." एवढं बोलून वाण्यानं नजर साखरेच्या पोत्याकडे वळवली. साहेबांच्या तोंडाकडे या घडीला बघू नये, एवढी समज त्याला होती.

काटेसाहेब साखरेकडे बघत राहिले. साठ ग्रॅम. चार पांढरे मणी! सत्तावीस वर्षं त्यांनी दुकानदारांना सांगितलं होतं, काटा चालू करण्याआधी पाटी रिकामी करा. आणि त्यांच्या डोक्यात एक चित्र आलं: पोहायचा चष्मा, रेनकोट, नळाखालची जीभ, 'थान दाला', तेलाच्या कंपनीला दीड पानाची नोटीस. आधी बायकोला वाटलं, ठसका लागला. मग कळलं की ते हसताहेत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. निरीक्षकाबरोबर हसावं की नाही, याचा रस्त्यावर क्षणभर कुणाला अंदाज येईना. भाजीवालीला आधी हसू फुटलं, मग मिठाईवाल्याला, आणि शेवटी वाण्यानं गल्ल्याला धरून हसून घेतलं.

"किती तेल लागेल आता?" बायकोनं डोळे पुसत विचारलं.

गणित वाण्याच्या वहीच्या पाठीवर झालं. आतापर्यंत सोडा गेला तीनशे चव्वेचाळीस. तेवढ्याला तेल हवं दोन किलो चारशे बावीस. घातलंय दोन किलो. म्हणजे चारशे बावीस ग्रॅम तेल आणखी, बस्स. "तुम्हीच मोजा," काटेसाहेब वाण्याला म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहून, काट्याकडे न बघता, तेल घेतलं. निदान पहिलं मिनिटभर तरी बघितलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून त्या मध्यभागी बसल्या.

"आमच्या वॉर्डात औषधाचं माप दोघांनी वाचल्याशिवाय पेशंटला जात नसे. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं. पण तुम्ही विचारलं नाहीत आणि मला मजा येत होती."

"आई!" बायको म्हणाली.

"मग? पाठ खाजवत बसण्यापेक्षा बरं. चला, वाटी उतरवा. काटा चालू करा. शून्य?"

"शून्य," काटेसाहेब म्हणाले.

"वाटी ठेवा. पुन्हा शून्य करा. आता ओता."

तेल मोजलं गेलं, वाचलं गेलं, पुन्हा वाचलं गेलं. कीस पातेल्यात गेला. तो वितळायला लागला तेव्हा बेल वाजली आणि तिघंही एकदम ओरडली, "काट्याला हात लावू नका!" दारात सेक्रेटरी होते, वही आणि पेन घेऊन, समक्ष पाहणीसाठी. त्यांच्या मागे काकू होत्या, राग विसरून, स्टीलचं पातेलं घेऊन. हे पातेलं त्यांनी जावेकडून मागून आणलं होतं.

"मी पाहणीला आलोय," सेक्रेटरी म्हणाले.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "ह्या दोघांचे हात भरून आलेत. मोजे घाला आणि ढवळा."

मेट्रनबाईंच्या त्या आवाजापुढे मोठमोठे डॉक्टर वाकलेले होते, सेक्रेटरींची काय कथा. त्यांनी वही फ्रीजवर ठेवली आणि अर्धा तास ढवळलं. काकूंनी डाव्या हातानं ढवळायला सांगितलं, तेही ऐकलं. लगदा हळूहळू गुळगुळीत झाला, चकाकायला लागला, पातेल्याच्या कडा सोडू लागला. "वास काहीच नाहीये हो," सेक्रेटरी जरा निराश होऊन म्हणाले.

आता जीभ. सगळ्यांनी काटेसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी थंड झालेला कण पाण्यात भिजवला, बोटानं घासला, डोळे मिटले आणि बोट जिभेला लावलं.

नळ चालूच ठेवला होता. पाणी वाहत राहिलं. ते हलले नाहीत.

"काय?" बायकोनं विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "घाणेरडा लागतोय," ते म्हणाले. "अगदी साबणासारखा!"

काकूंनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी मोजे घातलेल्या हातांनीच काटेसाहेबांशी हस्तांदोलन केलं, आणि दोघांचे हात सुटेनात इतके बुळबुळीत झाले.

बुटांची दोन खोकी आणि केकचा एक साचा भरून तेहतीस वड्या निघाल्या. तीन आठवडे त्या कपाटावर वाळल्या. ह्या काळात काटेसाहेबांना नवाच त्रास सुरू झाला. सोमवारी शंभर ग्रॅमची वडी गुरुवारी सत्त्याण्णव भरायची, पुढच्या सोमवारी त्र्याण्णव. पाणी उडत होतं, त्याला कोण काय करणार? पण ज्या माणसानं कमी भरलेल्या साबणापायी लोकांना हेलपाटे घालायला लावले, त्याच्या घरात तेहतीस वड्या रोज बेकायदा होत होत्या. शेवटी बायकोनं काटा उचलून आपल्या कपाटात कुलपात ठेवला.

तीन आठवड्यांनी एका सकाळी सासूबाई नवी वडी घेऊन न्हाणीघरात गेल्या. काटेसाहेब वर्तमानपत्र घेऊन बाहेर बसले. ते कोणत्या पानावर होते ते त्यांना सांगता आलं नसतं. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. सासूबाईंची अंघोळ म्हणजे इस्पितळी शिस्तीची, सहा मिनिटांत बाहेर.

"अगं, एकदा दार वाजव," ते बायकोला म्हणाले. "काही झालं असेल तर..."

बायकोनं दाराला कान लावला आणि हातानं त्यांना जवळ बोलावलं. आतून गाण्याचा आवाज येत होता. सूर म्हणावे तर सूर नव्हते, शब्द अर्धे विसरलेले, पण सासूबाई गात होत्या. बायको हळूच म्हणाली, "आई गाते हे मला माहीतच नव्हतं."

पाऊण तासानं दार उघडलं. वाफेच्या ढगातून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही हात उजेडात धरले, उलटसुलट करून पाहिले. चट्टे नव्हते. दंडावरची कातडी मऊ दिसत होती.

"जावईबापू," त्या म्हणाल्या.

"जी."

"चाळीस वर्षांत इतक्या निवांतपणे हात धुतले नव्हते मी." मग लगेच चष्मा घालून त्या पूर्ववत झाल्या. "धाकट्या जावयाला फोन लावून सांगते, पुढच्या आठवड्यात तिकडे येत नाही म्हणून. तिथे तो सहा रंगांचा साबण आहे. हा साबण संपेपर्यंत मी इथेच राहीन म्हणते. तुमची काही हरकत नसेल तर."

"छे छे," काटेसाहेब म्हणाले.

सासूबाई फोनकडे गेल्या. बायकोनं कपाटावरच्या वड्यांच्या रांगांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. महिन्याला एक वडी धरली तरी तेहतीस महिने. तेवढ्यात दारात काकू उभ्या राहिल्या, पाठोपाठ सेक्रेटरी. दोघांनाही ढवळणावळ वसूल करायची होती. काटेसाहेबांनी एक वडी काकूंना दिली, एक सेक्रेटरींना. दोन वाण्यासाठी कागदात बांधल्या, एक केमिकलवाल्यासाठी वेगळी काढली, सासूबाई सुखरूप असल्याचा पुरावा म्हणून.

"सगळ्याच वाटून टाकू या का?" बायकोनं अगदी हळू आवाजात विचारलं. तिच्या डोळ्यांत मिस्कीलपणा होता. "दोन दिवसांत संपतील."

आतून फोनवर सासूबाईंचा आवाज येत होता. "अरे, नुसता साबण काय म्हणतोस? मोजून केलाय त्यांनी, मोजून!"

काटेसाहेबांनी उरलेल्या वड्यांवर टॉवेल ओढला आणि नीट खोचला.

"राहू देत," ते म्हणाले. "घरात माणूस आहे, लागतील."